कढत्या पाण्याच्या मुलुखांत एकटे

एकट्यानें दूरच्या प्रवासास निघूं नये, असा आपल्या घरांतून जुना दंडक आहे. आणि तो केवळ वडीलधाऱ्यांच्या भित्रेपणामुळें पडला, असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. पुण्याहून काशीस निघालेला मनुष्य परत उंबरठ्यांत पाऊल ठेवीपर्यंत ज्या काळीं घरचीं माणसें वाटेकडे डोळे लावून बसत, त्या काळीं सोबत ही चैन नसून गरज होती. आतां आगगाड्या जुन्या झाल्या, विमानें नित्याचीं झालीं, दूरध्वनि खिशांत येऊन बसला, तरीहि आमचा बेत कानीं पडतांच आमच्या थोरल्या वहिनींनीं विचारलें, “भावजी, एकट्यानंच जायचं असं काय अडलंय तिथं?” प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हीं दिलें नाहीं, कारण तें तेथें जाऊन येण्यापूर्वीं देतां येण्याजोगें नव्हतें.

बेत होता अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा. आमचा एक पुतण्या त्या देशांत नोकरीस आहे. त्याच्याकडे मुक्काम असतां त्याला रजा नव्हती आणि आम्हांस सवड होती. शिवाय या सदरांत इतरांच्या प्रवासांविषयीं आम्ही इतकें लिहीत आलों आहों कीं, एकदां आपल्या पायांनीं कांहीं चालावें अशी इच्छा बरेच दिवस मनांत होती. सप्टेंबर महिन्यांतील आठ दिवस आम्ही त्या रानांत काढले.

‘उद्यान’ या शब्दानें वाचकांची थोडी दिशाभूल होईल. उद्यान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवळ, कारंजीं आणि बाकें येतात. तीं तिन्ही तेथें आहेत हें खरें. परंतु हिरवळीवर रानगवे चरतात, कारंजें शंभर-दीडशें फूट उंच उडतें व त्याचें पाणी कढत असतें, आणि बाकावर बसणाऱ्यानें जवळपास अस्वल नाहीं ना, हें आधीं पाहावें लागतें. सुमारें ३,४७२ चौरस मैलांचा हा प्रदेश वायोमिंग, मॉन्टाना व आयडाहो या तीन संस्थानांत पसरला असून, त्याचा बहुतेक भाग वायोमिंगमध्यें आहे. १ मार्च १८७२ रोजीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीनें तो सर्व लोकांसाठीं राखून ठेवण्यांत आला, आणि जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान असा त्याचा लौकिक झाला. अर्थात् ‘शोध’ लागण्यापूर्वीं तेथें कोणी नव्हतें असें मात्र समजूं नये. शोशोनी लोकांपैकीं, डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर निर्वाह करणारे टुकुडिका तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत. आणि अकरा हजार वर्षांपासून मनुष्याचा वावर असल्याच्या खुणा तेथें सांपडतात. त्यांना या भूमीचें रक्षण करण्यासाठीं कायद्याची गरज पडली नव्हती, एवढेंच.

या मुलुखाच्या पोटांत अग्नि आहे. एकवीस लाख, तेरा लाख आणि सुमारें सहा लाख चाळीस हजार वर्षांपूर्वीं असे तीन प्रचंड उद्रेक होऊन शेवटच्या वेळीं जमीन जी खालीं बसली, ती सुमारें पंचेचाळीस मैल लांब व तीस मैल रुंद. हें ज्वालामुखीचें मुख इतकें विस्तीर्ण आहे कीं, त्यांत उभा असणाऱ्यास तें दिसतच नाहीं. उष्ण पाण्याचे व वाफेचे दहा हजारांहून अधिक उद्गम येथें असून, जगांतील उसळत्या झऱ्यांपैकीं सुमारें निम्मे या एका रानांत आहेत. आपल्या स्नानगृहांतील ‘गीझर’ हा शब्द अशा उसळत्या झऱ्यांवरूनच आला; मूळ तो आइसलंड बेटांतील एका झऱ्याचें नांव.

हें कारंजें उडतें कसें, हें स्वयंपाकघरांतील उदाहरणानें चटकन समजतें. प्रेशर कुकरांत दाब असल्यामुळें पाणी उकळण्याच्या नेहमींच्या अंशापलीकडे तापतें, तरी त्याची वाफ होत नाहीं. दाब एकाएकीं काढला तर काय अनर्थ होईल, हें गृहिणींस सांगावयास नको. भूमीच्या पोटांतील अरुंद, वांकड्यातिकड्या नळ्यांत वरच्या पाण्याच्या भारामुळें खालचें पाणी असेंच अतितप्त होऊन कोंडून राहतें. वरचें थोडें पाणी ओसंडून वाहून गेलें कीं भार हलका होतो, खालच्या पाण्याची क्षणार्धांत वाफ होते, आणि ती सर्व पाणी वर फेंकून देते. मग नळी रिकामी. पुन्हा भरणें, पुन्हा तापणें. ‘ओल्ड फेथफुल’ म्हणजे ‘जुना इमानी’ या नांवाचा जो प्रसिद्ध झरा आहे, तो सध्यां सरासरीनें दीड तासानें उडतो. पूर्वीं याहून लवकर उडे. इमानी खरा, पण घड्याळाचा ताबेदार नव्हे. त्याच्याभोंवतीं शेंकडों माणसें अर्धवर्तुळ करून बसलेलीं असतात व पाणी वर गेलें कीं टाळ्या वाजवितात. टाळ्या कोणासाठीं, हें आम्हांस कळलें नाहीं.

आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूर, तुरळ, उन्हवरें अशा ठिकाणीं ऊनपाण्याचे झरे आहेत, व त्यांस आपण देवाच्या जवळ नेऊन बसविलें आहे. यलोस्टोनचे झरे पाहून कोंकणांतल्या माणसास ओळखीचें हंसूं येतें. पण दोहोंत भेद मोठा आहे. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्याचा झाला तो सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचा, व केव्हांच निवून गेलेला. आपलें पाणी तापतें तें भेगांतून खोल जाऊन भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेनें. तेथें मात्र वितळलेला खडक अद्यापि कांहीं मैल खालीं आहे. आणि म्हणून, झरा दिसला कीं पाय बुडवावा ही आपली पिढीजात संवय तेथें जिवावर बेतते. नितळ निळ्या डोहाच्या कांठची जमीन म्हणजे पुष्कळदां पापडासारखें पातळ कवच असतें. अशा पाण्यांत पडून आजवर वीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं आहेत. म्हणूनच फळ्यांची वाट बांधली आहे, व ती सोडणें हा गुन्हा आहे. फळ्यांवर राहूनहि निश्चिंत असावें असें नाहीं: जुलै १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २३ जुलै २०२४ रोजीं, बिस्किट बेसिन नांवाच्या भागांत एक डोह एकाएकीं स्फोट होऊन दगडचिखलासह आकाशांत उडाला, आणि फळ्यांवरील माणसें धांवत सुटलीं. दैवयोगानें कोणास इजा झाली नाहीं.

तेथील सर्वांत मोठ्या डोहाचा, म्हणजे ग्रँड प्रिझमॅटिकचा, रंग आम्हीं डोंगरावरून पाहिला. मध्यें गर्द निळें, मग हिरवें, पिवळें, नारिंगी, आणि कडेस तांबूस. निळा रंग खोल पाण्याचा. बाकीचे रंग त्या कढत पाण्यांत सुखानें नांदणाऱ्या सूक्ष्म जीवांचे. पाणी जसजसें कडेकडे निवतें, तसतशी त्यांची जात बदलते व रंग बदलतो. हे जीव केवळ शोभेचे नव्हेत. टॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञास १९६६ मध्यें जवळच्याच एका डोहांत जो जंतु सांपडला, त्याच्यापासून उष्णतेस न डगमगणारें एक द्रव्य मिळालें, व त्याच्या साहाय्यानें जनुकद्रव्याच्या सूक्ष्म अंशाच्या कोट्यवधि प्रती काढण्याची रीत सुलभ झाली. ती रीत काढणाऱ्या कॅरी मलिस यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २०२० सालच्या साथींत आपणां सर्वांच्या नाकांत काडी घालून जी परीक्षा झाली, ती याच रीतीची होती. दूरच्या रानांतील एका डबक्याचा संबंध सदाशिव पेठेंतील माजघराशीं असा येऊन पोहोंचतो.

पण आतां एकटेपणाकडे वळूं.

उद्यानाची स्वतःची शिफारस अशी आहे कीं, पायवाटेनें जाणाऱ्यांनीं तिघांहून कमी असूं नये. आवाज करीत चालावें. आणि अस्वल अंगावर आलें तर उपयोगी पडावा म्हणून मिरचीच्या तिखट अर्काचा फवारा कमरेस बाळगावा. अस्वलें व लांडगे यांपासून शंभर यार्ड आणि गवे, सांबरें इत्यादि इतर प्राण्यांपासून पंचवीस यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. आम्ही एकटे होतों, म्हणून बाकीचे नियम दुप्पट निष्ठेनें पाळले. रोज सकाळीं उतारगृहाच्या कारकुनाजवळ कोठें जाणार, कोणत्या वाटेनें व केव्हां परतणार, हें चिठ्ठीवर लिहून देत असूं, व सायंकाळीं ती परत घेत असूं. रानाच्या बहुतेक भागांत खिशांतला दूरध्वनि मुका असतो. तेव्हां ती चिठ्ठी हीच आमची सोबत. ज्यांस एकट्यानें हिंडण्याची हौस असेल, त्यांनीं निदान एवढें केल्यावांचून पाऊल उचलूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगूं.

आवाज करीत चालावें म्हणजे काय करावें? कांहीं लोक पिशवीस घुंगुर बांधतात. तेथील जाणते म्हणतात कीं, त्यापेक्षां माणसाचा आवाज बरा. आम्हीं प्रथम रामरक्षा म्हटली. ती संपल्यावर पाढे काढले. पावकी, निमकी व दिडकी लहानपणीं पंतोजींनीं घोकून घेतली होती, ती इतक्या वर्षांनीं त्या देवदारांच्या सावलींत जशीच्या तशी बाहेर पडली. चढावर दम लागला कीं औटकी अडे.

आमच्या सोबतीस आणखी एक गृहस्थ होते, ते म्हणजे ट्रूमन एव्हर्ट्स. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं; पण त्या रानांत एकट्यानें चालणाऱ्यास त्यांची आठवण टाळतां येत नाहीं. १८७० सालीं वॉशबर्न यांच्या नेतृत्वाखालीं जी मंडळी हा प्रदेश पाहावयास गेली, तींत हे चोपन्न वर्षांचे, दृष्टीनें अधू असे गृहस्थ होते. (आमचें वय त्यांच्याहून फारसें कमी नाहीं, व चष्म्यावांचून आम्हांसहि दहा पावलांवरचा मनुष्य ओळखत नाहीं.) ९ सप्टेंबर रोजीं दाट रानांत त्यांची चुकामूक झाली. दुसरे दिवशीं वाट पाहण्यासाठीं ते घोड्यावरून उतरले असतां घोडा बुजून पळाला, आणि त्याच्याबरोबर बंदूक, कांबळीं, काडेपेटी, सर्वच गेलें. उरलीं तीं अंगावरचीं वस्त्रें, दोन चाकू व एक लहान दुर्बीण. चाकू पुढें हरवले. सदतीस दिवस हा मनुष्य त्या अरण्यांत एकटा होता. एका काटेरी झुडुपाचें मूळ खाऊन त्यानें प्राण धरले. बर्फ पडूं लागल्यावर कढत झऱ्यांच्या कांठीं निजून ऊब मिळविली, आणि तेथेंच कवच फुटून मांडी भाजून घेतली. दुर्बिणीच्या भिंगानें सूर्याचे किरण एकवटून विस्तव पेटवितां येतो, हें त्याला पुष्कळ दिवसांनीं सुचलें. पण त्यालाहि सूर्य निघावा लागतो. १६ ऑक्टोबरास शोधावयास निघालेल्या दोघांस तो सांपडला, तेव्हां तो माणूस आहे कीं जनावर, हेंहि प्रथम कळेना.

या सर्वांत आमच्या मनास लागलेली गोष्ट निराळीच आहे. सुटकेनंतर त्यांनीं लिहिलेल्या हकीकतींत एव्हर्ट्स सांगतात कीं, एका प्रसंगीं त्यांचा एक जुना, धर्मोपदेशक मित्र त्यांच्यापुढें उभा राहिला व ज्या वाटेनें आलास त्याच वाटेनें परत फीर, असें त्यानें बजावलें. तो तेथें नव्हता, हें वेगळें सांगावयास नको. अगदीं एकटा पडलेला मनुष्य सोबत निर्माण करतो. आणि त्या सोबतीचा सल्लाच त्यानें मानला. पुढें त्यांचें नांव एका डोंगरास देण्यांत आलें. मौज अशी कीं, ते जेथें भटकले त्या प्रदेशांतला तो डोंगर नव्हेच.

तिसऱ्या दिवशीं आम्ही लमार खोऱ्यांत गेलों. पहांटे अंधारांतच तेथें दहापंधरा माणसें दुर्बिणी रोवून उभीं असतात. कोणी कोणाचें नांव विचारीत नाहीं, पण आपली दुर्बीण परक्यास मोकळ्या मनानें देतात. अशाच एका बाईंच्या दुर्बिणींतून दीड मैलावरच्या उतारावर आम्हांस लांडगे दिसले: दोन करडे व तीन काळे. हे प्राणी तेथें आज दिसतात, यामागें मोठा इतिहास आहे. सरकारी धोरणानुसारच लांडग्यांचा संहार करण्यांत आला व १९२६ पर्यंत ते नाहींसे झाले. पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं, १९९५ व १९९६ सालीं, कानडांतून एकतीस लांडगे आणून सोडले. त्यामुळें सांबरांवर वचक बसला, नदीकांठची वाळुंजाचीं झाडें पुन्हा वाढलीं, असें सांगतात. त्यांत लांडग्यांचा वांटा किती व इतर कारणांचा किती, याविषयीं अभ्यासकांत अद्यापि वाद आहे. रानगव्यांची कथाहि अशीच. १९०२ सालीं चोरट्या शिकारीमुळें तेथें जेमतेम दोन डझन उरले होते. आज त्यांची संख्या हजारांत मोजतात, आणि ते रस्त्यावर आले कीं मोटारी अर्धा-अर्धा तास खोळंबतात.

लांडग्यांचा कळप म्हणजे काय, हें ऐकल्यावर आम्हांस घरची आठवण झाली. त्यांत आईबाप असतात, यंदाचीं पिलें असतात, आणि गेल्या एकदोन वर्षांचीं मोठीं भावंडें असतात. आई शिकारीस गेली तर एखादें थोरलें भावंड पिलें सांभाळतें. शिकारीहून परतणारे पोटांतलें अन्न काढून धाकट्यांना भरवितात. अविभक्त कुटुंबाची याहून स्वच्छ व्याख्या आम्ही तरी वाचलेली नाहीं. मात्र दोनतीन वर्षांचा झाला कीं पुष्कळदां त्यांतला एक निघतो व एकटाच दूर जातो, आपलें बिऱ्हाड थाटावयास. असे एकटे पडलेले फार मरतात. पण ते निघाले नाहींत, तर नवे कळपहि होत नाहींत. दुर्बिणींतून दिसणाऱ्या त्या पांचांपैकीं एक काळा जरा बाजूस बसला होता. तो थकला होता, कीं जाण्याच्या विचारांत होता, हें सांगणें कठीण, बाई म्हणाल्या, “त्याला भूक नसेल.”

पांचव्या दिवशीं माऊंट वॉशबर्नवर चढलों. खिंडींतून माथ्यापर्यंत तीन मैलांची वाट आहे, आणि माथा १०,२४३ फूट उंच. वाटेंत १९८८ च्या वणव्याच्या खुणा जागोजाग दिसतात. त्या वर्षीं उद्यानाचा सुमारें छत्तीस टक्के भाग आगीच्या तावडींत सांपडला होता. तेथील एका जातीच्या देवदाराचीं कांहीं फळें डिंकानें घट्ट मिटलेलीं असतात व आगीच्या आंचेनेंच उघडतात. त्यामुळें जेथें राख झाली, तेथेंच रोपांची दाटी झाली. माथ्यावर वणवा टेहळण्याचें एक ठाणें आहे. तेथून दक्षिणेस पाहिलें म्हणजे तें महामुख प्रथमच ध्यानांत येतें, कारण आपण त्याच्या कांठावर उभे असतों.

उतरतांना, माथ्यापासून मैलभर खालीं, वळणापलीकडे एक मादी अस्वल दिसलें. पाठीवर उंचवटा असलेली ग्रिझली जात. बरोबर दोन पिलें. अंतर दोनशें यार्डांवर असावें. शरद् ऋतूंत हीं अस्वलें हिवाळ्याच्या निजेपूर्वीं चरबी सांठविण्यासाठीं दिवसभर खातच असतात. खारी देवदाराच्या बिया पुरून ठेवतात आणि अस्वल तें कोठार उकरून फस्त करतें. तसलेंच कांहीं चाललें होतें, आणि तें अगदीं आमच्या वाटेच्या कडेस. आमची दिडकी तोंडांतच राहिली. पळूं नये हें ठाऊक होतें, पळालों नाहीं. सावकाश मागें सरून वळणाच्या वर येऊन बसलों. वर कोणी दिसेना. चार वाजून गेले होते. चिठ्ठींत परतण्याची वेळ सहा लिहिलेली. पाऊण तास आम्ही त्या दगडावर बसून होतों, आणि वहिनींच्या प्रश्नांतील ‘काय अडलंय’ हा शब्द त्या पाऊण तासांत आम्हांस वारंवार ऐकूं आला.

भय वाटलें काय? वाटलें. पण भयाबरोबरच दुसरेंहि कांहीं होतें, तें लपविणें बरें नव्हे. घरांत आम्ही कोणाचे धाकटे भाऊ, कोणाचे काका, कोणाचे आजोबा असतों. आमच्या वतीनें पाहणारे, ऐकणारे, निर्णय घेणारे भोंवतीं नेहमीं कोणी असतातच. तेथें पाहावयास आमचेच डोळे होते आणि ठरवावयास आमचेंच मन. वाऱ्याची दिशा कोणती, ऊन किती राहिलें, पिलें कोणत्या बाजूस आहेत, याकडे आयुष्यांत आम्हीं कधीं इतकें लक्ष दिलें नसेल. एकट्यानें जाण्याचें कारण पुसाल, तर एवढेंच सांगतां येईल.

शेवटीं वरून दोघी उतरत आल्या: एक सत्तरीच्या आजी व त्यांची कॉलेजांत शिकणारी नात. आम्हीं हात वर करून थांबविलें व खालची हकीकत सांगितली. आजींनीं दगडावर बैठक मारली, डब्यांतील सफरचंद कापून आमच्या हातावर फोड ठेवली, आणि म्हणाल्या, “आतां आपण तिघें झालों.” आणखी वीस मिनिटांनीं अस्वल पिलांसह उतारानें पलीकडे गेलें. आम्ही थोडा वेळ जाऊं दिला व मोठमोठ्यानें बोलत तिघेंहि खालीं आलों. आम्ही मघांशी काय म्हणत होतां, असें नातीनें विचारल्यावर तिला पावकी म्हणून दाखविली. पावाचा पाढा कशास हवा, हें तिला पटवून देतां देतां मोटारींचा तळ आला.

शेवटच्या दिवशीं ‘लोन स्टार’ झऱ्याकडे गेलों. फायरहोल नदीच्या कांठानें अडीच मैलांची सपाट वाट आहे. येथें फळ्या नाहींत, बांकें नाहींत. रानाच्या मोकळ्या जागेंत पुरुष-दीडपुरुष उंचीचा करडा शंकु आहे, तो झऱ्याच्याच पाण्यांतील क्षारांनीं कणाकणानें बांधला गेलेला. झरा सुमारें तीन तासांनीं उडतो. जवळ एक वही ठेवलेली असते. येणाऱ्यानें पाणी उडाल्याची वेळ तींत लिहावयाची, म्हणजे पुढच्यास अंदाज येतो. आम्हीं वही उघडली; आधींची नोंद सकाळीं सात वाजून चाळीस मिनिटांची होती. हिशेब करून झाडाखालीं बसलों. सव्वादहास शंकूच्या तोंडांतून थोडें पाणी सांडलें, मग एक लहानसा फवारा, मग स्तब्धता. पाऊणे अकराच्या सुमारास खरा उसळा आला, तीसचाळीस फूट उंच, आणि त्यांतून गुरगुरत निघालेली वाफ उन्हांत इंद्रधनुष्य धरून बराच वेळ उभी राहिली. बघावयास आम्ही एकटेच होतों. टाळ्या कोणी वाजविल्या नाहींत.

सर्व शांत झाल्यावर वहींत वेळ लिहिली. परत निघालों, तों वाटेंत एक कुटुंब भेटलें: आईबाप, दोन मुलें व काठी टेकीत येणारे आजोबा. आतांच उडाला काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं वेळ सांगितली, आणि पुढचा उसळा दोनच्या आधीं नाहीं हेंहि सांगितलें. मुलांचीं तोंडें उतरलीं. आजोबांनीं मात्र घड्याळाकडे पाहिलें, पिशवींतून पत्ते काढले, आणि मंडळी झऱ्याच्या दिशेनें पुढें गेली.